लाइट गेली : आधी अंधार कोणता ते ओळखा

लाइट गेली की कोल्हापुरातला माणूस आधी गॅलरीत येतो आणि समोरच्या घरात दिवा आहे का ते पाहतो. समोरही अंधार असला की त्याला थोडे बरे वाटते आणि तो परत आत जाऊन बसतो. हे पाहणे योग्यच आहे, फक्त ते अर्ध्यावर सोडले जाते. कुणाला फोन करायचा, किती वेळ वाट पाहायची, कोणते बटण बंद करायचे, हे सगळे अंधार कशामुळे झाला यावर अवलंबून असते. उन्हाळ्यातले भारनियमन, वळवाच्या पावसात तुटलेली तार, डीपीवरचा (गल्लीतल्या रोहित्रावरचा) उडालेला फ्यूज आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरने पाडलेला एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा घरातला स्विच) यांचा अंधार दिसायला सारखाच असतो, पण उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा आहे. म्हणून सुरुवात ओळखीपासून करू.

अंधाराची ओळख

शेजारी दिवे आहेत आणि फक्त आपल्याच घरात अंधार आहे, असे असेल तर फोन करण्याआधी मीटरपेटीजवळ जावे. आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणाऱ्या विजेवर पडणारा स्विच, खाली पडलेला असल्यास सर्व एमसीबी खाली करावेत, आरसीसीबी वर उचलावा आणि नंतर एकेक एमसीबी वर करत जावे. ज्या एमसीबीला तो पुन्हा पडतो, त्याच ओळीवर दोष आहे. पावसाळ्यात हा दोष बहुधा गीझरमध्ये, पाण्याच्या मोटारीत किंवा गच्चीवरच्या ओल्या प्लगमध्ये सापडतो. ती एक ओळ बंद ठेवून बाकीचे घर चालू करता येते, आणि इलेक्ट्रिशियनला दुसऱ्या दिवशी उजेडात बोलावता येते. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकणारे किंवा त्याला वळसा घालून जोडणी करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तीस मिलीअँपिअरची गळती होताच वीज तोडून जीव वाचवणे हेच त्या वस्तूचे काम आहे, त्यामुळे पडणे हा तिचा दोष समजू नये. सगळे स्विच वर असूनही घरात वीज नसेल तर मीटरचा आकडे दाखवणारा पडदा पाहावा. तोही मालवलेला असल्यास खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरीत दोष आहे असे समजावे. तिथे आपण किंवा खासगी इलेक्ट्रिशियनने हात घालायचा नसतो, ते काम वीज कंपनीच्या माणसाचे आहे.

गल्लीत एक घर उजेडात, पुढचे अंधारात, त्यापुढचे पुन्हा उजेडात असे दिसले तर एक फेज गेलेला आहे. डीपीवरून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा, निघतात आणि घरे त्यांच्यावर वाटून दिलेली असतात. त्यातल्या एका फेजचा फ्यूज उडाला की एक तृतीयांश घरे अंधारात जातात. हे काम तासाभराचे असते, पण ज्यांच्याकडे दिवे चालू असतात ते तक्रार करत नाहीत आणि ज्यांच्याकडे गेलेले असतात त्यांना "सगळीकडचीच गेली असेल" असे वाटते. त्यामुळे एक फेज कित्येक तास तसाच राहतो. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत तक्रार करणे सर्वांत फायद्याचे.

पूर्ण गल्ली अंधारात, पण मागची गल्ली उजेडात असेल तर दोष डीपीवर, म्हणजे रोहित्रावर आहे. दोन-चार वसाहती रस्त्यावरच्या दिव्यांसकट अंधारात असतील तर अकरा हजार व्होल्टची वाहिनी, म्हणजे फिडर, बंद झालेला आहे. फिडर मिनिटा-दोन मिनिटांत परत येऊन पुन्हा गेला, तर उपकेंद्रात तो चालू करून पाहिला आणि दोष तसाच असल्याने तो पुन्हा पडला, असा त्याचा अर्थ. मग कर्मचाऱ्यांना वाहिनीच्या कडेकडेने चालत जाऊन पडलेली फांदी, फुटलेले चिनी मातीचे इन्सुलेटर किंवा तुटलेला जम्पर (दोन तारा जोडणारा तुकडा) शोधावा लागतो. रात्री, पावसात, हे काम किती वेळ घेईल हे कुणालाच सांगता येत नाही. दर दहा मिनिटांनी फोन केल्याने ते लवकर होत नाही.

भारनियमनाची खूण वेगळी आहे. ते ठरलेल्या वेळी, वारा-पाऊस काही नसताना येते, ठरलेल्या वेळी जाते, आणि शेजारच्या फिडरवर वीज असताना आपल्याच फिडरवर नसते.

एक लक्षण मात्र वीज जाण्यापेक्षा धोक्याचे आहे. काही दिवे अचानक डोळे दिपतील इतके प्रखर होतात, पंखा जोरात फिरू लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीतले किंवा शेजारचे दिवे मिणमिणतात. हा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटल्याचा प्रकार होय. घराला मिळायला हवेत २३० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की भार कुठे किती आहे त्यानुसार एखाद्या घराला ४०० व्होल्टच्या आसपासही मिळू शकतात. आमच्या घरी एका जूनमध्ये संध्याकाळी बैठकीतला दिवा असाच पांढराफटक झाला. "व्होल्टेज चांगलं आलं की" असे कौतुकाने म्हणेपर्यंत टीव्हीच्या मागून जळाल्याचा वास आला. सेट-टॉप बॉक्स गेला, फ्रीजचे सर्किट गेले आणि राउटरही गेला. मेन स्विच बंद करायला लागले असते फार तर दहा सेकंद. तेव्हापासून घरातल्या लहान मुलीलाही मेन स्विच कुठे आहे आणि तो कोणत्या दिशेने बंद होतो हे दाखवून ठेवले आहे.

टंचाई कुठून येते

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी लागते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. या मेळाचे माप म्हणजे वारंवारता, जी ५० हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवावी लागते. मागणी वाढून निर्मिती अपुरी पडली की वारंवारता घसरते, आणि ती फार घसरू नये म्हणून काही भार तोडावा लागतो. महाराष्ट्रात हा हिशेब कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळते. भार तोडण्यात कसूर झाली तर काय होते हे देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी पाहिले. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, कोसळून सुमारे साठ कोटी लोकांचा पुरवठा बंद पडला. पश्चिम ग्रिड तेव्हा बहुतांश टिकून राहिले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारतही उरलेल्या देशाशी जोडला जाऊन एकच राष्ट्रीय ग्रिड झाले. आपल्या शेजारच्या सोलापुरातून देशाचे दोन भाग सांधले गेले, ही गोष्ट इकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

एप्रिल २०२२ मधला प्रसंग लोकांच्या अजून लक्षात असेल. उन्हाळा लवकर तापला, औष्णिक केंद्रांतले कोळशाचे साठे खाली गेले, आयात कोळसा महागला, आणि कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेला प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. राजस्थान, झारखंड, हरियाणा, उत्तर प्रदेश अशा अनेक राज्यांत तासन्‌तास वीज जात होती. आंध्र प्रदेशाने उद्योगांना वीज-सुट्टी जाहीर केली, तर गुजरातने कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी वाटून दिल्या. पंजाबात दरवर्षी जूनमध्ये भाताची लावणी सुरू होताच शेतीपंपांचा भार एकदम चढतो, आणि जुलै २०२१ मध्ये तिथेही कारखान्यांवर निर्बंध आले होते. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॉटपर्यंत पोहोचली. आता दुपारची मागणी भागवायला सौरऊर्जा बरीच मदत करते, पण सूर्य मावळल्यानंतर, नेमके एसी आणि पंखे जोरात असताना, ती हाताशी नसते. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंतचा काळ नाजूक समजावा. आपल्या बाजूला कोयनेच्या १,९६० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत केंद्रांचा अशा चढत्या वेळी मोठा आधार होतो, परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे तो आधारही मोजूनच वापरावा लागतो.

महाराष्ट्रात कोणाची वीज आधी जाते, याचा नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. फिडरवरची वीजहानी आणि बिलांची वसुली पाहून फिडरचे ए ते जी असे गट पाडले जातात, आणि ज्या गटात हानी जास्त त्याचे भारनियमन आधी आणि जास्त होते. २०१२ पूर्वीच्या भारनियमनाच्या वर्षांत एकाच तालुक्यातल्या दोन गावांचे तास वेगवेगळे असत, ते यामुळेच. कोल्हापूरकर बिल वेळेवर भरतात, अशी आपली ख्याती आहे. तिचा फायदा टंचाईच्या दिवसांत मिळतो, पण झाड तारेवर पडले की या ख्यातीचा काही उपयोग होत नाही. माझा अनुभव असा, की शहरात आपण "भारनियमन" म्हणून जे सोसतो त्यातले बहुतेक स्थानिक बिघाड किंवा देखभालीसाठी घेतलेला बंद असतो. या फरकाला महत्त्व आहे, कारण भारनियमनाची तक्रार करून उपयोग नसतो, आणि बिघाडाची तक्रार न करून नुकसान होते.

इन्व्हर्टर घेण्याआधी कागद-पेन घ्या

दुकानदार विचारतो, "किती रूम आहेत?" त्याऐवजी आपण त्याला सांगावे, किती वॉट आणि किती तास. समजा वीज गेल्यावर तीन पंखे, पाच दिवे आणि राउटर चालवायचे आहेत. जुना पंखा ७५ वॉटचा धरला तर तिन्हींचे २२५, नऊ वॉटच्या पाच एलईडींचे ४५ आणि राउटरचे १० मिळून २८० वॉट होतात. बाजारात सर्वाधिक खपणारी बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची असते, म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते, म्हणून त्यातले सुमारे ११५० वॉट-तास आपल्या हाती येतात असे धरावे. २८० ने भागले की चार तासांच्या आसपास उत्तर येते. आता तेच तीन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) बसवले तर एकूण भार १४५ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी जवळजवळ आठ तास पुरते. दुसरी बॅटरी विकत घेण्याआधी पंखे बदलण्याचा विचार करावा असे मी आवर्जून सांगतो. ते पंखे वीज असतानाही बिल कमी करतात, बॅटरी तसे करत नाही.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो, आणि काही उपकरणे तापतात. गीझर, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटार आणि एसी यांची जोडणी इन्व्हर्टरच्या ओळीवर चुकूनही करू नये. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असणारा रुग्ण असेल तर हिशेब निराळा होतो: ते यंत्र साधारण ३०० ते ४०० वॉट घेते, म्हणजे वरची बॅटरी फक्त त्याच्यासाठीही तीन-साडेतीन तासांपलीकडे भरवशाची नाही. अशा घरात भरलेला सिलिंडर आणि तो बदलता येणारा माणूस, हे दोन्ही असायला हवेत.

बॅटरीची देखभाल कंटाळवाणी आहे, म्हणून ती होत नाही. ट्यूब्युलर बॅटरीच्या प्रत्येक झाकणावर एक छोटी दांडी तरंगत असते. ती हिरव्या खुणेवरून लाल खुणेवर उतरली की पाणी कमी झाले. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन महिन्यांनी पाहावे. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. फिल्टरचे पाणी "स्वच्छच असते की" म्हणून ओतणाऱ्याची बॅटरी त्या क्षारांनी दोन वर्षांत बसते. टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ती धुवावी, कोरडी करावी आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ती बंद कपाटात किंवा देवघराच्या खाली, जिथे निरांजन लागते तिथे, ठेवू नये. हे लिहिण्याची वेळ यावी इतक्या घरांत मी ती तिथे पाहिली आहे.

छतावर सौर पॅनेल आहेत म्हणजे वीज गेल्यावरही घर चालेल, ही समजूत फार पसरली आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि बिल खरोखर कमी होते. पण नेट मीटरिंगची, म्हणजे छतावरची जादा वीज ग्रिडला देणारी, साधी यंत्रणा ग्रिडची वीज जाताच स्वतःहून बंद पडते. तसे होणे आवश्यकच आहे, नाहीतर वाहिनी बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरची वीज लागेल. वीज गेल्यावरही चालणारी यंत्रणा हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असे सुरुवातीलाच सांगावे, आणि खर्च वाढेल हे धरून चालावे.

जनरेटरबाबत दोनच गोष्टी, पण दोन्ही जिवाच्या. तो घरात, जिन्याखाली किंवा बंद गॅरेजमध्ये चालवू नये; त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटा जोडू नये. तशी वीज मीटरमधून डीपीपर्यंत जाते, तिथे अकरा हजार व्होल्ट होऊन वाहिनीवर चढते. ग्रिड किंवा जनरेटर यांपैकी एका वेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर वापरायचाच नाही.

पाणी, फ्रीज, औषधे

कोल्हापुरात वीज गेली की दुसऱ्या दिवशी नळ जातो, हे काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइननंतरही बदललेले नाही, कारण पाणी शेवटी पंपांनीच उचलले जाते. उपसा केंद्राची वीज काही तास गेली की टाक्या भरत नाहीत आणि उंचावरच्या भागांना आधी झळ बसते. त्यामुळे देखभालीच्या बंदची सूचना आली की आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून ठेवावी आणि पिण्याचे पाणी वेगळे काढावे. इमारतीच्या सचिवांनी लिफ्टमध्ये वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरीची यंत्रणा आहे का, आणि ती खरोखर चालते का, हे वर्षातून एकदा वीज मुद्दाम बंद करून पाहावे.

फ्रीज बंद ठेवला तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. "काय काय आहे बघू" म्हणून दार उघडणे हा थंडाव्याचा सर्वांत मोठा शत्रू. बर्फाची एक वाटी फ्रीझरमध्ये ठेवून तिच्यावर एक नाणे ठेवावे. गावाहून परत आल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी गेलेले दिसले तर आपल्यामागे बर्फ वितळून पुन्हा गोठला, हे कळते, आणि मग आतले मांस-मासे टाकून द्यावेत. कोल्हापुरात मटण सकाळी आणून दुपारी संपवण्याची पद्धत आहे. या बाबतीत ती शास्त्राला धरूनच आहे. दूध मात्र तापवून ठेवावे आणि संध्याकाळी पुन्हा तापवावे.

इन्सुलिन वापरणाऱ्यांनी घाबरून ते बर्फात घालू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सध्या वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला काही आठवडे चालते. आपल्या प्रकाराची मुदत डॉक्टरांना विचारून पेटीवरच लिहून ठेवावी. शिल्लक कुप्या घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाणी झिरपणाऱ्या मातीच्या माठात ठेवल्या तर कोल्हापूरच्या उन्हाळ्यातही एक-दोन दिवस निभावते.

वीज परत येते तेव्हा

खरे नुकसान बहुधा वीज जाताना होत नाही, येताना होते. सगळ्या घरांतले फ्रीज, एसी आणि मोटारी एकदम भार ओढतात, व्होल्टेज खाली-वर होते, आणि कधी फिडर पुन्हा पडतो. म्हणून वीज गेल्यावर एसी, फ्रीज, टीव्ही आणि मोटार यांची बटणे बंद करावीत आणि इन्व्हर्टरवर नसलेला एक दिवा चालू ठेवावा. तो दिवा लागला की पाच-दहा मिनिटे थांबावे, उजेड स्थिर आहे असे पाहून मग एकेक वस्तू चालू करावी. कॉम्प्रेसरच्या वस्तूंना तेवढी विश्रांती तशीही लागतेच.

शेतीपंपांच्या बाबतीत हाच नियम शंभरपटीने लागू होतो. थ्री-फेज येण्याची वेळ झाली की ऑटो-स्विच लावलेले सगळे पंप एकाच सेकंदाला सुरू होतात आणि डीपीचा डीओ (अकरा हजार व्होल्टच्या बाजूचा फ्यूज) उडतो, किंवा डीपीच जळतो. मग आठ तासांच्या पाळीसाठी हपापलेला ऊस आठ दिवस वाट पाहतो. डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी बसून ऑटो-स्विच काढायचे, क्रमाने पंप सुरू करायचे आणि प्रत्येक पंपाला योग्य कपॅसिटर बसवायचा, एवढे ठरवले तर डीपी टिकतो. एकट्याने करून भागत नाही. एक फेज गेल्यावर मोटार जळू नये म्हणून सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटर हवाच. रात्रपाळीचे पाणी देण्यात साप-विंचवाचा आणि राधानगरी-भुदरगडकडे गव्याचाही धोका असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी धरणे धरले, त्यामागे हेच कारण होते. शेतीचे फिडर सौरऊर्जेवर दिवसा चालवण्याची योजना त्यानंतर पुढे सरकत आहे. तोवर रात्री जाणाऱ्याने गमबूट, टॉर्च आणि सोबत याशिवाय जाऊ नये.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या मंडळींना मी काही शिकवावे अशी परिस्थिती नाही, पण नव्याने फाउंड्रीत आलेल्यांसाठी एक गोष्ट लिहितो. इंडक्शन भट्टीत चौदाशे-पंधराशे अंशांचा धातूचा रस असताना वीज गेली तर वितळवणे थांबते, मात्र उष्णता थांबत नाही. ती लायनिंगमधून, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तरातून, तांब्याच्या कॉइलकडे येत राहते, आणि कॉइलमधले पाणी फिरायचे थांबले तर कॉइल फुटून पाणी रसाला भिडण्याचा, म्हणजे स्फोटाचा, धोका निर्माण होतो. म्हणून कूलिंगच्या पंपाला स्वतंत्र जनरेटर आणि त्याच्याही मागे, उतारानेच पाणी येईल अशी उंचावरची टाकी लागते. तिचा व्हॉल्व्ह कोण उघडणार त्याचे नाव प्रत्येक पाळीच्या फळ्यावर हवे. वीज लवकर येणार नाही असे कळले तर रस गोठण्याआधी भट्टी ओतून मोकळी करावी लागते. भट्टी वाकवणारा हायड्रॉलिक पंपही विजेवरच चालतो, त्यामुळे हातपंपाची सोय आहे का हे शांततेच्या दिवशीच करून पाहिलेले बरे.

वळीव आणि महापूर

एप्रिल-मेमधल्या वळवात तारा तुटतात. तुटून पडलेली तार बंद फिडरची असली तरी ती जिवंतच आहे असे समजावे, तिच्यापासून लांब राहावे, लोकांना अडवावे आणि १९१२ वर कळवावे. वीज गेल्यावर उपकेंद्रातून फिडर पुन्हा चालू करून पाहिला जातो, हे वर आलेच आहे.

महापुरात उलटे घडते, तिथे वीज मुद्दाम बंद केली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी वस्तीत आणि उपकेंद्रांत शिरल्याने मोठ्या भागाचा पुरवठा अनेक दिवस बंद होता. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे जाऊ लागली की सखल भागातल्यांनी पॉवर बँक भरणे, इन्व्हर्टरची बॅटरी उंचावर हलवणे आणि कागदपत्रे वर नेणे सुरू करावे; ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. घर सोडताना मेन स्विच बंद करावा. पाणी ओसरल्यावर भिजलेली वायरिंग कोरडी दिसली म्हणून मेन चालू करू नये. इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासून घेतल्यावरच ते करावे.

तक्रार अशी करावी

महावितरणचे बिल मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावे, कारण त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक अंधारात शोधणे फार जिकिरीचे असते. १९१२ वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. ओळखीच्या वायरमनला केलेला फोन काम लवकर करून देतो हे खरे, पण तो कुठे नोंदला जात नाही, आणि जे नोंदले गेले नाही त्याची भरपाई मागता येत नाही. फोनवर "लाइट नाही" एवढेच न सांगता, "आमच्या गल्लीत एक आड एक घर बंद आहे" किंवा "डीपीजवळ आवाज होऊन लाइट गेली" असे सांगितले तर येणारा माणूस योग्य साहित्य घेऊन येतो. सुरुवातीला केलेल्या ओळखीचा उपयोग इथे होतो.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ च्या विनियमांत फ्यूज, वाहिनी, केबल आणि रोहित्राचा बिघाड दुरुस्त करण्यासाठी कालमर्यादा घालून दिल्या आहेत. शहरी आणि ग्रामीण भागांसाठी त्या वेगळ्या आहेत, आणि त्या ओलांडल्या तर ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. त्यासाठी घरातल्या कॅलेंडरवरच वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहीत जावे. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी एका उन्हाळ्यात असे लिहून ठेवले. महिन्यातल्या अकरा खंडांपैकी आठ संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, तेही एकाच फेजचे होते. तो कागद घेऊन शाखा कार्यालयात गेल्यावर "सगळीकडेच टंचाई आहे" हे उत्तर देता आले नाही. एका फेजवर घरे जास्त झाली होती. भार तिन्ही फेजवर वाटून दिला गेला आणि ते खंड थांबले.

शाखा कार्यालयात काम झाले नाही तर उपविभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तिथेही दाद लागली नाही तर कोल्हापूर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, वकिलाची सक्ती नाही. मंचाचा आदेश मान्य नसल्यास ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे निवेदन करता येते. त्या अर्जाला कॅलेंडरच्या पानाची प्रत जोडावी.